टेमरीभाठ्याच्या मातीचं वाण

कोणतंही ज्ञान, ते ज्याला नको आहे त्याच्यापर्यंत पोहोचवल्याशिवाय पूर्ण झालं, असं शासकीय दृष्ट्या मानता येत नाही. ज्याला हवं असतं तो काय, चार जणांना विचारून, पायपीट करून कुठूनही मिळवतोच; त्याच्यासाठी वेगळा माणूस नेमावा लागत नाही. ज्याला नको असतं त्याच्यासाठी मात्र नेमावा लागतो, त्याला टेबल द्यावं लागतं आणि उन्हाळ्यात कूलरही द्यावा लागतो. रायपुरात मातीच्या बाबतीत तो नेमलेला माणूस मी आहे.

माझं नाव नरहर. हुद्दा, ज्ञान-प्रसार अधिकारी (मृदा). आमच्या भूमी अध्ययन संस्थेचं पूर्ण नाव इतकं लांब आहे की ते दारावरच्या पाटीत मावलं नाही, म्हणून उरलेलं मागच्या भिंतीवर लावलंय. आमचे पूर्वज भोसल्यांच्या फौजेबरोबर छत्तीसगडात आले. परत फिरण्याचा लेखी आदेश न मिळाल्यामुळे आम्ही अजून इथंच आहोत, आधी पुरानी बस्तीत आणि आता चौबे कॉलोनीत. आदेशाशिवाय हलायचं नाही ही शिस्त आमच्या घराण्यात तेव्हापासून आहे, आणि नोकरीत मला तिचा फार उपयोग झाला.

आमच्या संस्थेत शास्त्रज्ञ माती खणतात, मोजतात आणि ती बिघडल्याचं सिद्ध करतात. मग ते मी धोरणकर्त्यांना कळवतो. धोरणकर्ता म्हणजे ज्याच्या सहीनं काही होऊ शकतं असा मनुष्य (सहीनं काही थांबू शकतं असाही एक प्रकार आहे, आणि तोच जास्त आढळतो).

कळवण्याच्या मान्यताप्राप्त पद्धती तीन. पहिली, अहवाल पाठवणे. आमचे अहवाल कुठं जातात याचं सर्वेक्षण मी स्वतः, चहाच्या वेळेत, केलेलं आहे. पोहोचलेल्या अहवालांपैकी साठ टक्के खिडकी उघडी राहावी म्हणून, एकतीस टक्के कूलरचा पाया समतोल करण्यासाठी आणि उरलेले नऊ टक्के दुसऱ्या अहवालांखाली वापरात आहेत. संशोधन वापरलंच जात नाही अशी ओरड करणाऱ्यांनी ही आकडेवारी बघावी. दुसरी पद्धत कार्यशाळेची. तिच्यात साहेब येतात, समई पेटवतात, माती ही आपली आई आहे असं सांगतात आणि आईला तिथंच सोडून पुढच्या कार्यक्रमाला जातात. तिसरी पद्धत सादरीकरणाची. सादरीकरण एक तर फार तांत्रिक असतं नाही तर फार सोपं असतं, आणि जेव्हा अगदी बरोबर जमतं तेव्हा वीज जाते.

या तिन्ही पद्धती वापरून थकलेली एक शास्त्रज्ञ आमच्याकडे आहे, डॉ. सुनीती रामटेके. वडील रेल्वेत होते, घर मूळ भंडाऱ्याकडचं, पोरगी मात्र इथलीच. हुशार आहे, कामसू आहे, फक्त लवकर चिडते. संशोधकानं चिडायचं नसतं हे मी तिला किती वेळा सांगितलं, पण ऐकेल ती सुनीती कसली.

तिचं संशोधन टेमरीभाठा नावाच्या गावावर. गाव रायपूरहून तासाभराच्या वाटेवर, जमीन उताराची. वरच्या अंगाच्या शेतांमधली वीतभर सुपीक माती नव्या कॉलोन्यांचे प्लॉट भरायला ट्रॉल्यांनी उचलून नेली. खाली उरली ती लाल, खडेरी, मेलेली जमीन. तिथं आता धान येत नाही, आणि गवतसुद्धा विचार करून येतं. उताराच्या खालच्या अंगाला मात्र काळी कन्हार माती अजून शाबूत होती. ती शेती हिरालाल नावाच्या शेतकऱ्याची. ट्रॉलीवाले त्याच्या बांधावर येऊन बसायचे, चहा पाजायचे, आणि तो चहा पिऊन नाही म्हणायचा. कारण सुनीती मॅडमनी त्याला सांगितलं होतं, ही या भागातली सगळ्यात उत्तम माती आहे, जपून ठेव.

पण एकटा हिरालाल किती दिवस नाही म्हणणार? म्हणून सुनीतीला एकच गोष्ट हवी होती. शेतातली वरची माती उचलायला बंदी, असा एक आदेश, पाऊस लागायच्या आत.

"सर, वरची वीतभर माती तयार व्हायले हजारेक वर्षं लागते," ती माझ्या टेबलासमोर उभी राहून म्हणाली. "ट्रॉलीवाल्याले एक सकाळ पुरते. साहेबाले फक्त एवढंच सांगायचं आहे."

"फक्त एवढंच सांगता येत नाही म्हणून तर माझी नेमणूक आहे," मी म्हणालो. ती चिडली.

साहेब म्हणजे भू-संपदा विभागाचे मोठे साहेब. सुनीती त्यांच्या दालनाबाहेरच्या बाकावर इतक्या वेळा बसून आली की तिथला शिपाई तिला बाकाचीच एक कर्मचारी समजायला लागला आणि एकदा त्यानं तिच्याकडे उशिरा येण्याचं कारण मागितलं.

पौष महिना होता. अशीच एक दिवस बाकावरून उठून ती थेट आमच्या घरी आली. आमच्या घरी त्या वेळी दुसरी चिंता चालू होती. संक्रांत तोंडावर आलेली आणि आमच्या सौभाग्यवती, पद्मजा, हळदीकुंकवाला वाण काय द्यायचं या विचारात. पद्मजाचं हळदीकुंकू चौबे कॉलोनीत नामांकित आहे. मोठ्या साहेबांच्या मॅडम तिथं येतात, आणि मोठ्या मॅडम येतात म्हणून बाकीच्या सगळ्या अधिकाऱ्यांच्या बायका येतात. त्यांतल्या निम्म्या जणी मराठी नाहीत, पण वाण कोणत्याही भाषेत घेता येतं.

"गाळणी झाली, साबणदाणी झाली, चिमटे झाले," पद्मजा बोटं मोजत होती. "डबे देऊन देऊन लोकांच्या घरात आता डबे ठेवायले डबा लागते. काय लुटू मी यंदा?"

पाणी पिऊन सुनीतीनं साहेब आजही भेटले नाहीत हे सांगितलं.

"तुमचा तो अहवाल त्याईच्या घरात जाते का वो?" पद्मजानं विचारलं.

"ऑफिसातच कोणी वाचत नाही, काकू, तर घरात कुठून जाईल?"

"माझं वाण जाते. सीधं देवघरापर्यंत जाते. गेटवर कोणी अडवत नाही, परत कोणी करत नाही. आणि हळदीकुंकवाचं बोट लागलेलं काही टाकून द्यायची कोणाची हिंमत आहे?"

माझ्या अंगावर काटा आला. पंचवीस वर्षं मी ज्ञान-प्रसार करतोय, आणि ज्ञान-प्रसाराची इतकी बिनचूक यंत्रणा माझ्याच स्वयंपाकघरात, मला न विचारता, दरवर्षी चालत होती. वेळ घ्यावी लागत नाही, शिपाई नाही, बाक नाही. लाभार्थी स्वतः रिक्षा करून न्यायला येतात, वर नवीन साडी नेसून येतात. मी तिथल्या तिथं ठरवलं की यंदा वाणात टेमरीभाठ्याची माती द्यायची.

"मम्मी, मिट्टी कौन गिफ्ट करता है?" आमची श्रावणी मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाली. (पोट्टीला मराठी सगळं समजतं, उत्तर ती हिंदीत देते. आमच्या रायपुरी घरांमध्ये ही सर्वमान्य कार्यपद्धती आहे.)

सुनीतीनं ग्लास खाली ठेवला. मग म्हणाली, "काकू, आमच्याकडे हळदीकुंकू करत नाहीत. मला त्यातलं काही समजत नाही."

"तू करू नको न. तू माती आण. बाकीचं मी पाहून घेईन."

सुनीतीचं म्हणणं होतं की प्रत्येकीला दोन कुंड्या द्याव्यात. एकीत वरच्या अंगाची मेलेली माती, दुसरीत खालची काळी, म्हणजे फरक डोळ्यांनी दिसेल. पद्मजानं ते एका वाक्यात फेटाळलं. चांगलं आणि वाईट जोडीनं वाणात देत नसतात, आणि एकीला चांगलं, दुसरीला वाईट असं वाटलं तर कॉलोनीत वर्षभर बोलणं चालतं. एकच द्यायचं. मग सुनीती म्हणाली, एकच तर मेलेली द्या, निदान प्रश्न तरी हातात पडेल. पद्मजालाही मेलेलीच पसंत पडली, कारण तिचा रंग कुंकवाच्या जवळचा होता आणि काळ्या मातीनं साड्या खराब झाल्या असत्या. शास्त्र आणि सौंदर्यदृष्टी यांचं इतकं पूर्ण एकमत मी संस्थेच्या कोणत्याही बैठकीत पाहिलेलं नाही.

कुंड्या गुढ़ियारीच्या बाजारातून आणल्या. छोट्या, गेरूच्या रंगाच्या, तुळशीवृंदावनाच्या आकाराच्या. दुसऱ्या आकारात होत्या त्या गळक्या होत्या.

कुंडीला बांधायच्या चिठ्ठीवरून मात्र वाद झाला. सुनीतीनं लिहून आणलं होतं, "टेमरीभाठ्याच्या वरच्या भागातली माती संपली. हिच्यात आता काहीही उगवत नाही." पद्मजानं ते वाचलं आणि चिठ्ठी अशी उलटी ठेवली की जणू तिला कोणी पाहू नये. हळदीकुंकवात 'संपलं' हा शब्द चालत नाही. कुंकू संपलं तर वाढलं म्हणायचं, बांगडी फुटली तर वाढवली म्हणायचं, आणि निघताना 'जाते' म्हणायचं नाही, 'येते' म्हणायचं. हा शिष्टाचार काही लोकांना मागासलेला वाटतो. त्यांनी एखादं शासकीय पत्रक वाचावं. तिथंही पूल पडत नाही, वाहतूक वळवण्यात येते, आणि पाणी कधीच आटत नाही, नियोजन चालू असतं. शेवटी चिठ्ठीवर लिहिलं गेलं, "टेमरीभाठ्याची माती. आपल्या घरी सुख-समृद्धी नांदो."

"सर, यात संशोधन कुठं आहे?" सुनीती म्हणाली.

"टेमरीभाठा हा शब्द आहे ना," मी म्हणालो. "पहिल्या टप्प्यात एवढं पुष्कळ झालं."

हळदीकुंकू थाटात झालं. पुरुषांना मज्जाव असल्यामुळे मी स्वयंपाकघराच्या दाराआडून निरीक्षक म्हणून हजर होतो. तिळाच्या वड्या, मटार करंजी, मसाला दूध. मोठ्या मॅडमनी कुंडी दोन्ही हातांनी उचलली, म्हणाल्या, "कितना यूनिक है, भाभीजी," आणि तिच्यासोबत फोटो काढून घेतला. मग सगळ्यांनी काढला. सगळ्या कुंड्या त्या संध्याकाळी बंगल्याबंगल्यांत पोहोचल्या. ज्या घरांच्या फाटकाच्या आत आमचा एकही अहवाल गेला नव्हता, तिथं आमची माती देवघराशेजारी जाऊन बसली. मी रात्री झोपू शकलो नाही, इतका आनंद झाला होता.

आता वृंदावनाच्या आकाराची कुंडी, तीही हळदीकुंकवाची, घरात आली तर तिच्यात बाई काय लावेल? कोणालाही विचारायची गरज पडली नाही. सगळ्यांनी तुळस लावली.

तुळस तशी काटक. पण या मातीला पाणी घातलं की वर तळं साचायचं, आणि दुसऱ्या दिवशी ऊन लागलं की तिची वीट व्हायची. होळीपर्यंत एकूण एक तुळशी वाळल्या. काहींनी शेणखताचं पाणी घातलं, काहींनी फिल्टरचं. एका बंगल्यात तुळशीला दुपारी एसीच्या खोलीत ठेवत होते. एका घरी सरकारी माळी तिच्यावर छत्री धरून उभा असे (छत्रीची नोंद 'कृषी उपकरणे' या शीर्षाखाली आहे). फरक पडला नाही.

सुनीतीला हे कळलं तेव्हा ती प्रथमच माझ्या टेबलासमोर खुर्चीवर बसली. "सर, एकच माती, इतकी वेगवेगळी घरं, इतके वेगवेगळे उपचार, आणि निकाल सगळीकडे सारखा," ती म्हणाली. "असा स्वच्छ प्रयोग मले शेतातही जमला नव्हता." तिला वाईट वाटत होतं आणि आनंदही होत होता. शास्त्रज्ञांचं असंच असतं.

बंगल्यांमध्ये मात्र हाहाकार होता. वाणाची तुळस वाळणं ही काही साधी गोष्ट नाही. त्यातच वाळलेल्या तुळशीच्या एका घरातल्या अधिकाऱ्याची बदली झाली, आणि तीही अशा ठिकाणी की तिथं रुजू व्हायच्या आत माणसाला पेन्शन लागावी. झालं. तुळस वाळली की बदली येते, हा निष्कर्ष दोन दिवसांत सगळीकडे पोहोचला, तोही कोणत्याही ज्ञान-प्रसार अधिकाऱ्याच्या मदतीशिवाय. गुरुजी येऊन गेले, वास्तुवाले येऊन गेले. एका बंगल्याचं फाटक पूर्वेला हलवलं गेलं, आणि मग कळलं की तिकडं नाला आहे. शेवटी मोठ्या मॅडमनी साहेबांना सांगितलं, आणि साहेबांनी, होय, स्वतः साहेबांनी, फोन केला. ज्या बाकावर सुनीती बसायची त्यावर न बसवता त्यांनी तिला आत बोलावलं. सोबत मलाही.

साहेब काळजीत होते. टेबलावर फाइल नव्हती, वाळकी तुळस होती.

"मैडम, इस मिट्टी में दिक्कत क्या है?" त्यांनी विचारलं.

सुनीतीनं सांगितलं. सगळं सांगितलं. वरची माती उचलली की काय जातं, मागं काय उरतं, मुळं का गुदमरतात, खाली अजून किती वाचलेलं आहे. साहेबांनी मधे एकही फोन घेतला नाही. त्यांनी लिहून घेतलं, प्रश्न विचारले, कुंडीतली माती बोटांनी कुस्करून पाहिली आणि म्हणाले, "ये तो बहुत गंभीर बात है। हमें पहले किसी ने बताया क्यों नहीं?" मी खिडकीकडे पाहिलं. तिच्या फटीत आमचाच अहवाल होता, पण अशा प्रसंगी तसं बोलून दाखवणं बरं दिसत नाही.

मग साहेबांनी विचारलं, "तो फिर अच्छी मिट्टी कहाँ बची है?"

सुनीतीनं नकाशा उलगडला. तिचा नकाशा सुंदर असतो. वरचा भाग लाल, मधला पिवळा, आणि खाली उताराच्या पायथ्याशी ठसठशीत काळ्या रंगात हिरालालचं शेत. तिनं त्याच्यावर बोट ठेवलं. "यहाँ, सर. पूरे इलाके में सबसे अच्छी. इसीलिए तो इसको बचाना है."

"बिल्कुल," साहेब म्हणाले. "आपका काम हो जाएगा।"

बाहेर आल्यावर सुनीतीनं चहाच्या टपरीवर शिपायालासुद्धा समोसा दिला. तिचे डोळे भरून आले होते. मलाही भरून आलं, खोटं कशाला सांगू. संध्याकाळी तिनं हिरालालला फोन करून सांगितलं की आता कोणी ट्रॉलीवाला येणार नाही. तिकडून तो नुसता "हव मैडम, हव" म्हणत होता.

आदेश विक्रमी वेगानं निघाला. पहिल्याच कलमात शेतातली वरची माती उचलण्यास संपूर्ण बंदी घातली होती, शब्द न् शब्द सुनीतीच्या मागणीचा. दुसऱ्या कलमात एक अपवाद होता. शासकीय निवासस्थानांतील पवित्र वनस्पतींच्या पुनर्वसनासाठी लागणारी माती या बंदीतून वगळण्यात येत आहे. आणि तिसऱ्या कलमात असं होतं की, सदर माती शास्त्रीय दृष्ट्या सर्वोत्तम असावी म्हणून ती डॉ. रामटेके यांच्या नकाशात काळ्या रंगाने दर्शविलेल्या क्षेत्रातूनच घेण्यात यावी.

मला तो आदेश दोनदा वाचावासा वाटला. आमच्या संस्थेच्या इतिहासात संशोधनाचा संदर्भ शासकीय आदेशात येण्याची ही पहिलीच वेळ, आणि तोही नकाशाच्या रंगासकट.

"सर, हे काय आहे?" सुनीती म्हणाली.

"संशोधनाचा स्वीकार," मी म्हणालो.

ती तशीच उठून साहेबांकडे गेली. साहेबांनी तिला चहा दिला. ती म्हणाली, कुंड्यांना घमेलंभर माती लागते, तेवढ्यासाठी शेत कशाला? साहेबांनी तिला शांतपणे समजावलं की घमेल्याची निविदा निघत नाही. निविदेतलं सगळ्यात लहान माप हायवा, म्हणजे तो सहा-आठ गाड्यांची माती एका दमात नेणारा टिप्पर. आणि एका हायव्याची निविदा कोणी भरत नाही, तेव्हा कमीत कमी शंभर धरावे लागतात. "और मैडम, आपकी ही तो बात मानी है," ते म्हणाले. हे खरंच होतं. साहेबांनी तिचं जितकं ऐकलं होतं तितकं आजवर कोणत्याही शास्त्रज्ञाचं ऐकलं गेलेलं नाही.

हायवा-टिप्पर आले त्या दिवशी सुनीतीबरोबर मीही टेमरीभाठ्याला गेलो. संस्थेच्या वतीनं कोणीतरी हवं होतं. पंचायतीसमोर मंडप होता. हिरालालला शाल, श्रीफळ आणि 'मृदा-दाता' असं लिहिलेलं स्मृतिचिन्ह दिलं. ट्रॉलीवाल्याला नाही म्हणता येतं, पण शाल अंगावर घालणाऱ्याला कसं म्हणणार? हिरालाल शाल पांघरूनच शेताच्या कडेला उभा राहिला. उन्हाळ्याचे दिवस, अंगातून घाम वाहत होता, पण त्यानं ती काढली नाही. मशीननं पहिलं खोरं मातीत घातलं तेव्हा त्यानं सुनीतीकडे पाहिलं.

"मैडम, तुमन कहे रहेव, ए माटी ला बचा के रखबे," तो म्हणाला. "बचा के रखेंव." तुम्ही जपून ठेव म्हणालात, मी ठेवली, एवढंच. त्यात राग नव्हता. तो हिशेब विचारत होता. ती तिथून निघून गाडीत जाऊन बसली. मला तिची फार कीव आली. यशाची सवय नसली की माणसाचं असं होतं.

कुंड्या भरल्या. तुळशी तरारल्या. दोन बढत्या झाल्या, त्यामुळे मातीचा गुण शंकेपलीकडे सिद्ध झाला. उरलेले नव्व्याण्णव हायवे मग वाया कसे जाऊ द्यायचे? काही माती बंगल्यांच्या हिरवळीखाली गेली, काही रस्त्याच्या दुभाजकात गेली, आणि जिथं आमच्या कार्यशाळा होतात त्या हॉटेलच्या लॉनलाही थोडी मिळाली. त्या लॉनवरच पुढं मृदा-संवर्धनाची कार्यशाळा झाली. माती ही आपली आई आहे असं सांगताना या वेळी साहेबांनी पायाखाली बोट दाखवलं, आणि ते प्रथमच वस्तुस्थितीला धरून होतं.

टेमरीभाठ्यालाही विसरले नाहीत. हिरालालच्या शेताच्या खड्ड्यात पावसाचं पाणी साचलं. ते दुसऱ्या एका विभागानं त्यांच्या योजनेतला नवीन तलाव म्हणून मोजलं आणि तिथं पाटी लावली. पाण्याखाली जे राहिलं नाही ते वरच्या अंगासारखंच लाल. हिरालालला धान लावायला जागा उरली नाही, म्हणून साहेबांनी माणुसकीच्या दृष्टीनं त्याला बंगल्यावर माळी म्हणून लावून घेतलं. रोज सकाळी तो आपल्याच शेताला झारीनं पाणी घालतो. माती ओळखीची असल्यामुळे त्याला प्रशिक्षण द्यावं लागलं नाही.

संस्थेला त्या वर्षीचा संशोधन-उपयोजनाचा पुरस्कार मिळाला. तो घ्यायला सुनीती आली नाही. ती आता वेगळ्याच पद्धतीनं काम करते. दुसऱ्या तालुक्यात तिचं मोजमाप चालू आहे, पण तिथला नकाशा ती सगळा एकाच रंगानं रंगवते. कुठं चांगली माती आहे असं विचारलं की म्हणते, "कुठंच नाही, सर. सगळी मेलेली आहे." हे धडधडीत खोटं आहे, मी तिच्या बुटांना काळा चिखल पाहिलेला आहे. विज्ञानात लपवाछपवी बसत नाही असं मी तिला समजावलं. ती म्हणाली, "काहून नाही बसत? तिथं अजून एकही ट्रॉली गेली नाही." मी तिच्या गोपनीय अहवालात 'संवादकौशल्य कमी' असा शेरा मारला.

एवढं वाचून तुम्ही साहेबांना नावं ठेवत असाल, मलाही ठेवत असाल. ठेवा. आम्हाला त्याची सवय आहे. पण एक माहिती राहिली, ती देणं माझं कर्तव्य आहे. बंगले, दुभाजक आणि लॉन भरूनही बरीच माती उरली होती. ती चाळून, पाच-पाच किलोच्या पिशव्यांत भरून, नर्सऱ्यांना दिली गेली. रायपूर, दुर्ग, नागपूर, आणि तिथून पुढं कुठं कुठं गेली ते मला ठाऊक नाही. अशा पिशवीवर 'उत्तम काळी माती, कुंडीसाठी' असं छापलेलं असतं, गावाचं नाव छापायची पद्धत नाही. तुम्हीही मागच्या महिन्यात बाल्कनीतल्या कुंड्यांसाठी दोन पिशव्या घेतल्या. कुठल्या शेतातली आहे, हे तुम्ही विचारलं नाही. तुम्ही एवढंच विचारलं, की तिसऱ्या मजल्यापर्यंत आणून देणार का.